शेवटच्या शनिवारी वाचलेले क्लब : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लंडच्या खालच्या लीगमधला फुटबॉल हा माझा जुना नाद. मित्र, भाचे, ऑफिसातली नवी पोरं, सगळे त्याबद्दल विचारतात आणि प्रश्न साधारण तेच असतात. प्रीमियर लीगचं सगळ्यांना सगळं ठाऊक असतं. पण चौथ्या पायरीवरचा एखादा क्लब शेवटच्या मिनिटाला खाली पडता पडता वाचला, तर त्या गावातली माणसं वीस-पंचवीस वर्षांनीही तो दिवस कालच्यासारखा का सांगतात, हे समजून घ्यायचं असतं. म्हणून एकदाच नीट लिहून काढतोय.

चौथी पायरी म्हणजे नेमकं काय?

इंग्लंडमध्ये वरून खाली चार व्यावसायिक लीग आहेत. प्रीमियर लीगमध्ये २० क्लब, त्याखाली चॅम्पियनशिप, लीग वन आणि लीग टू, प्रत्येकी २४. एकूण ९२. या ९२ मध्ये असणं म्हणजे ‘लीगमध्ये’ असणं. त्याखाली नॅशनल लीग, जिला पूर्वी कॉन्फरन्स म्हणत.

नावांचा घोळ आधीच मिटवतो. आजच्या लीग टूला १९९२ पर्यंत फोर्थ डिव्हिजन म्हणत, मग २००४ पर्यंत थर्ड डिव्हिजन. पायरी तीच, पाटी बदलली. खाली तीच नावं येत राहतील म्हणून हे लक्षात ठेवा.

खालच्या लीगमधून आणखी खाली गेलं तर एवढं काय बिघडतं?

प्रीमियर लीगमधून खाली आलेल्या क्लबला पुढची काही वर्षं टीव्हीच्या पैशातला वाटा मिळत राहतो. लीग टूमधून खाली पडलेल्याला असा भक्कम आधार नसतो. उत्पन्न घटतं, चांगले खेळाडू करार संपवून निघून जातात. तिकीट खिडकीवरच्या बाई, कपडे धुणारे काका, मैदानाची निगा राखणारा माळी यांच्या नोकऱ्या धोक्यात येतात. आणि परतीची वाट फार अरुंद आहे. २००२ पर्यंत दर हंगामात एकच क्लब खाली जायचा आणि एकच वर यायचा. त्यानंतर दोन झाले.

कोल्हापूरच्या माणसाला हे चटकन समजतं. शाहू स्टेडियमवर पाटाकडील किंवा दिलबहारचा सामना असला की पेठेची पेठ लोटते, आणि संघ हरला तर त्या रात्री घरात कुणी धड जेवत नाही. संघ आपला म्हणजे गल्ली आपली. कार्लाइल, टॉर्की, हेरिफर्ड या गावांतही हाच हिशेब आहे. तिथे तर अख्ख्या गावाला एकच संघ असतो आणि शनिवारी रेडिओवर गावाचं नाव ऐकू येतं ते त्या संघामुळेच.

पूर्वी शेवटच्या क्रमांकाचा क्लब आपोआप खाली जायचा का?

नाही, आणि ही गोष्ट फार लोकांना माहीत नसते. १९८६ पर्यंत तळाच्या चार क्लबांनी पुन्हा अर्ज करायचा आणि बाकीच्या क्लबांनी मतदान करायचं, अशी पद्धत होती. ओळखीपाळखीवर बरेच जण तरून जायचे. वर्किंग्टनला १९७७ मध्ये मतं मिळाली नाहीत, त्यांच्या जागी विम्बल्डन आला. पुढच्या वर्षी साउथपोर्ट गेला आणि विगन आला. मतदानाने बाहेर पडलेले हे शेवटचे दोघे.

१९८६-८७ च्या हंगामापासून नियम साधा झाला. तळाला जो राहील तो बाहेर, कॉन्फरन्स जिंकेल तो आत. मत नाही, वशिला नाही. आणि या नियमाने पहिल्याच वर्षी जो दिवस दाखवला, तो अजून कुणी विसरलेलं नाही.

९ मे १९८७ ला काय घडलं?

त्या सकाळी तीन क्लब काठावर उभे होते. बर्नलीचे गुण ४६, टॉर्की युनायटेडचे ४७, लिंकन सिटीचे ४८. एक सामना बाकी. तिघांत लिंकन सगळ्यात सुरक्षित वाटत होता आणि बर्नली सगळ्यात गाळात.

आता बर्नली म्हणजे कोण, हे सांगायला हवं. १८८८ मध्ये फुटबॉल लीग सुरू झाली तेव्हाच्या बारा संस्थापक क्लबांपैकी एक. १९२१ आणि १९६० मध्ये इंग्लंडचा विजेता. त्या क्लबला आता लीगमधूनच बाहेर पडायची पाळी आली होती. ओरिएंटविरुद्धच्या सामन्याला टर्फ मूरवर इतकी गर्दी उसळली की खेळ पंधरा मिनिटं उशिरा सुरू करावा लागला. हंगामभर रिकाम्या बाकांसमोर खेळलेला संघ त्या दिवशी पंधरा हजारांवर माणसांसमोर खेळला. सगळे देव पाण्यात घालून आलेले. मध्यंतराच्या आधी नील ग्रूकॉकने गोल केला, मध्यंतरानंतर लगेच इयन ब्रिटनने दुसरा. ओरिएंटने एक फेडला आणि उरलेला अर्धा तास लोकांनी श्वास रोखून काढला. २-१. बर्नली ४९ वर पोहोचला.

कुत्र्याची गोष्ट खरी आहे का?

खरी आहे. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो.

त्याच दुपारी दक्षिण किनाऱ्यावरच्या टॉर्कीत, प्लेनमूर मैदानावर, टॉर्की मध्यंतराला क्रू अलेक्झांड्राकडून ०-२ ने मागे होता. दुसऱ्या सत्रात बचावपटू जिम मॅकनिकलने फ्री किकवर एक गोल फेडला. पण अजून एक हवा होता आणि वेळ संपत आली होती. गर्दी मैदानात शिरू नये म्हणून कडेला पोलीस उभे होते, त्यांच्याबरोबर ब्रिन नावाचा जर्मन शेफर्ड. मॅकनिकल चेंडूमागे जोरात कडेकडे धावत आला. हा माणूस आपल्या मालकाच्या अंगावर येतोय असं कुत्र्याला वाटलं आणि त्याने मॅकनिकलची मांडी धरली. रक्त आलं, खेळ थांबला, पट्ट्या बांधल्या गेल्या.

त्या मलमपट्टीत गेलेली मिनिटं रेफ्रीने शेवटी वाढवून दिली. आणि त्याच वाढीव वेळेत पॉल डॉबसनने बरोबरीचा गोल केला. २-२. टॉर्कीला एक गुण मिळाला, तो ४८ वर आला.

मॅकनिकलला नंतर टाके घालावे लागले, आणि क्लबच्या अध्यक्षांनी कुत्र्याला मांसाचा तुकडा बक्षीस दिला. लोक ही गोष्ट हसत हसत सांगतात. मला मात्र त्यात मॅकनिकल दिसतो. मांडीला पट्टी बांधून तो पुन्हा खेळायला उभा राहिला, आणि त्या दिवशीचा पहिला गोलही त्याचाच होता.

मग बुडालं कोण?

लिंकन. स्वान्सीत ०-२ ने हरले आणि ४८ वरच राहिले. टॉर्कीचेही ४८, पण गोलफरकात (केलेले गोल वजा खाल्लेले गोल) लिंकन मागे पडला. हंगामाच्या शेवटच्या दिवसापर्यंत लिंकन तळाला नव्हताच. जानेवारीत तर तो वरच्या गटात होता. आपोआप खाली जाणारा इतिहासातला पहिला क्लब म्हणून त्यांचं नाव लागलं, आणि त्यांच्या खेळाडूंना हे कळलं ते परक्या गावात, सामना संपल्यावर.

पुढच्याच वर्षी ते कॉन्फरन्स जिंकून परत आले. पण दर वेळी ‘वाचलेल्यांची’ गोष्ट सांगताना मी लिंकनचं नाव आवर्जून घेतो. एक गाव रस्त्यावर नाचत असतं तेव्हा दुसऱ्या गावाकडे परतणाऱ्या बसमध्ये कुणी कुणाशी बोलत नसतं. दोन्ही मिळूनच तो दिवस पुरा होतो.

जिमी ग्लास कोण?

ज्याने एकच गोल केला आणि तेवढ्यावर एका गावाच्या कायम स्मरणात राहिला, असा गोलकीपर.

८ मे १९९९. कार्लाइल हे इंग्लंडचं अगदी वरचं टोक, पलीकडे स्कॉटलंड. क्लब १९२८ पासून लीगमध्ये होता. १९७४ मध्ये पहिल्यांदाच सर्वोच्च डिव्हिजनमध्ये चढल्यावर त्यांनी पहिले तिन्ही सामने जिंकून काही दिवस अख्ख्या देशात पहिला क्रमांक पटकावला होता. पंचवीस वर्षांत तिथून घसरत ते चौथ्या पायरीच्या तळाला आले.

त्या वसंतात तर त्यांच्याकडे गोलकीपरच उरला नव्हता. नेहमीचा विकला गेला. दुसऱ्या क्लबकडून उसना आणलेला, तो त्या क्लबने परत बोलावून घेतला. खेळाडू घेण्याची मुदत संपली होती. शेवटी लीगची खास परवानगी काढून स्विंडनमधून जिमी ग्लासला काही आठवड्यांपुरतं आणलं. त्याचा कार्लाइलसाठीचा हा तिसरा सामना.

समोर प्लिमथ. नकाशात पाहा, देशाच्या एका टोकाचा संघ दुसऱ्या टोकाला आला होता. हिशेब असा होता की स्कारबरो एका गुणाने पुढे होता, त्यामुळे कार्लाइलला त्याच्यापेक्षा चांगला निकाल हवाच होता. प्लिमथने पहिला गोल केला, डेव्हिड ब्राइटवेलने तो फेडला. १-१. तिकडे स्कारबरोचा पीटरबरोशी सामना १-१ असा संपला. स्कारबरोचे लोक मैदानात उतरून नाचायला लागले, कारण कार्लाइलमध्ये वाढीव वेळही संपत आली होती.

शेवटचा कॉर्नर. ग्लासने बाकाकडे पाहिलं. व्यवस्थापक नायजेल पिअर्सनने हात हलवून त्याला पुढे जायला सांगितलं. लाल जर्सीतला गोलकीपर स्वतःचा गोल मोकळा सोडून अख्खं मैदान पार करत धावला. कॉर्नर आला, स्कॉट डोबीने डोक्याने मारला, प्लिमथच्या कीपरने तो हातांनी परतवला आणि चेंडू पडला तो नेमका ग्लासच्या उजव्या पायापुढे. त्याने विचार केला नाही, आवरला नाही, सरळ मारला.

जाळं हललं आणि ब्रंटन पार्कचं गवत दिसेनासं झालं, इतकी माणसं आत आली. ग्लास त्यांच्याखाली गाडला गेला. मैदान रिकामं केल्यावर खेळ सुरू झाला तो जेमतेम काही सेकंद, आणि शिट्टी वाजली. कार्लाइल ४९, स्कारबरो ४८.

त्या गोलचं चित्रण मी अनेकदा पाहिलंय. प्रत्येक वेळी माझं लक्ष ग्लासच्या धावण्याकडे जातं. सवयीने पुढे आलेला स्ट्रायकर जसा धावतो तसं ते धावणं नाही. अनोळखी गल्लीत शिरलेल्या माणसासारखं आहे, दोन्ही बाजूंना बघत, कुठे उभं राहायचं ते शोधत. आणि चेंडू आला त्या क्षणी मात्र पाय बरोबर जागेवर.

ग्लासचं पुढे काय झालं?

कार्लाइलने त्याला कायमचं घेतलं नाही. तो दोन-तीन क्लब फिरला आणि २७ व्या वर्षी खेळ सोडला. नंतर नोकऱ्या केल्या, डॉर्सेटमध्ये टॅक्सी चालवली. जगातला सगळ्यात प्रसिद्ध गोलकीपर-गोल करणारा माणूस भाडं घेऊन स्टेशनवर सोडायचा, याचं लोकांना फार वाईट वाटतं. मला तसं वाटत नाही. काम ते काम. वाईट याचं वाटतं की त्या गोलनंतर पुन्हा कुणी त्याला सलग एक हंगाम निर्धास्तपणे खेळू दिलं नाही.

आणि स्कारबरो?

१९८७ मध्ये लिंकन ज्या दाराने बाहेर पडला, त्याच दाराने आत आलेला क्लब कोणता, तर स्कारबरो. नील वॉर्नॉकच्या हाताखाली कॉन्फरन्स जिंकून आपोआप वर आलेला पहिला क्लब. बारा वर्षं लीगमध्ये राहिला, आणि एका गोलकीपरच्या पायाने बाहेर गेला.

पुन्हा कधी वर आला नाही. कर्ज वाढत गेलं आणि २००७ मध्ये क्लब बंद पडला. त्याच वर्षी समर्थकांनी वर्गणी जमवून स्कारबरो अ‍ॅथलेटिक नावाने नवा क्लब उभा केला. गावात मैदान नव्हतं, म्हणून दहा वर्षं शेजारच्या ब्रिडलिंग्टनमध्ये ‘घरचे’ सामने खेळले आणि २०१७ मध्ये स्वतःच्या गावात परतले. दर पंधरा दिवसांनी दुसऱ्या गावी जाऊन आपल्याच संघाला घरचा म्हणायचं, हे दहा वर्षं करणारी माणसं मला ग्लासच्या गोलइतकीच मोठी वाटतात.

कार्लाइलही त्या गोलने कायमचा सुटला नाही, हेही सांगतो. २००४ मध्ये ते खाली गेले, वर्षभरात परत आले, आणि २०२५ मध्ये पुन्हा गेले.

ब्रायटन खरंच बंद पडायच्या बेतात होता का?

आज प्रीमियर लीगमध्ये, युरोपात खेळून आलेला ब्रायटन पाहणाऱ्यांना हे पटत नाही. पण हो.

क्लबचं गोल्डस्टोन मैदान मालकांनी विकून टाकलं, तेही दुसऱ्या जागेची सोय नसताना. समर्थक पेटून उठले. एका सामन्यात ते मैदानात घुसले म्हणून संघाचे दोन गुण कापले गेले. १९९६-९७ च्या हंगामात संघ एका टप्प्यावर बाकीच्यांपेक्षा इतका मागे पडला की वर्तमानपत्रांनी त्यांचं नाव सोडूनच दिलं. फेब्रुवारी १९९७ मध्ये हार्टलपूलविरुद्धच्या सामन्याला देशभरातल्या वेगवेगळ्या क्लबांचे समर्थक आपापल्या जर्सी घालून ब्रायटनच्या पाठीशी उभे राहायला आले. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारी माणसं! ब्रायटन ५-० ने जिंकला.

२६ एप्रिलला गोल्डस्टोनवरचा शेवटचा सामना झाला. स्टुअर्ट स्टोररच्या गोलने डॉनकास्टरला १-० ने हरवलं. लोकांनी बाकाच्या फळ्या आणि गवताचे ढेकूळ उपटून घरी नेले. आणि आठवड्याभराने, ३ मे ला, हेरिफर्डच्या एडगर स्ट्रीटवर थेट झुंज होती. तळाचे दोन संघ समोरासमोर, हरणारा बाहेर. ब्रायटनला बरोबरी पुरणार होती.

विसाव्या मिनिटाच्या सुमारास ब्रायटनच्याच केरी मेयोच्या पायाला लागून चेंडू आत गेला. तो पोरगा याच क्लबचा भक्त. दुसऱ्या सत्रात बदली आलेल्या रॉबी राइनेल्टने बरोबरी केली. शेवटी हेरिफर्डच्या एड्रियन फॉस्टरपुढे एकटा कीपर उरला होता आणि फटका कीपरच्या हातात गेला. १-१.

गोलफरक तर हेरिफर्डचा चांगला होता. मग ते कसे गेले?

बरोबर पकडलंत. दोघांचे ४७ गुण. हेरिफर्डचा गोलफरक उणे १५, ब्रायटनचा उणे १७. पण त्या काळी फुटबॉल लीगमध्ये गुण समान झाले तर आधी केलेले गोल मोजत. ब्रायटनने ५३ केले होते, हेरिफर्डने ५०. तीन गोलांवर एक क्लब राहिला, एक गेला. १९९९ नंतर तो नियम बदलला.

पुढची दोन वर्षं ब्रायटन जवळपास ११० किलोमीटर दूरच्या गिलिंगहॅममध्ये घरचे सामने खेळला. नंतर गावातल्या धावण्याच्या मैदानावर, आणि २०११ मध्ये स्वतःचं स्टेडियम. एडगर स्ट्रीटवर चेंडू कीपरच्या हातांऐवजी चार फूट बाजूला गेला असता तर यातलं काही झालं असतं असं मला वाटत नाही. मैदान नाही, पैसा नाही आणि लीगही नाही, अशा क्लबमध्ये कोण पैसे घालतं?

जिंकूनही खाली जाता येतं का?

येतं, आणि यासारखी दुसरी वेदना नाही.

हेरिफर्डचंच बघा. २००६ मध्ये ते परत वर आले. ५ मे २०१२ ला शेवटच्या सामन्यात टॉर्कीला ३-२ ने हरवलं, आपलं काम चोख केलं, पण तिकडे बार्नेट जिंकला आणि हेरिफर्ड गेला. म्हणजे दोन शेवटचे शनिवार, एक बरोबरी आणि एक विजय, आणि दोन्ही वेळा खाली. २०१४ च्या डिसेंबरमध्ये न्यायालयाच्या आदेशाने तो क्लब गुंडाळला गेला. नवा क्लब उभा राहिला तो पुन्हा एडगर स्ट्रीटवरच. हेरिफर्ड ही तिथली नावाजलेली गाईबैलांची जात, आणि मोठ्या सामन्याआधी खराखुरा बैल मैदानाभोवती फिरवायची तिथली रीत. बेंदराला बैल सजवणाऱ्या माणसांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

दुसरं उदाहरण ६ मे २०१७ चं. वेल्समधला न्यूपोर्ट काउंटी मार्चमध्ये सुरक्षित जागेपासून ११ गुण मागे होता आणि १२ सामने उरले होते. गावचाच माणूस माइक फ्लिन याच्याकडे संघ सोपवला. त्यांनी त्या बारातले सात जिंकले. शेवटच्या दिवशी नॉट्स काउंटीविरुद्ध १-१, आणि तिकडे हार्टलपूल मागे पडून डॉनकास्टरविरुद्ध २-१ ने पुढे आलेला. त्या घडीला न्यूपोर्ट बाहेर होता. ८९ व्या मिनिटाला मार्क ओब्रायन या बचावपटूने चेंडू छातीवर घेतला आणि वळून मारला. २-१. हार्टलपूल जिंकला, आणि ९६ वर्षांनी लीगमधून बाहेर पडला.

ओब्रायनवर किशोरवयातच हृदयाची शस्त्रक्रिया झाली होती, आणि त्याच हृदयामुळे २०२० मध्ये त्याला खेळ थांबवावा लागला. न्यूपोर्टच्या मैदानावरची, रॉडनी परेडवरची माणसं त्याच्या त्या गोलबद्दल बोलताना आवाज खाली आणतात.

दरवर्षी शेवटच्या दिवशीच वाचणारा क्लब आहे का?

बार्नेट. २०१० मध्ये रॉचडेलला १-० ने हरवून वाचले, ग्रिम्सबी गेला. २०११ मध्ये पोर्ट व्हेलला १-० ने हरवून वाचले, लिंकन गेला. हो, तोच बिचारा लिंकन. २०१२ मध्ये बर्टनला २-१ ने हरवून वाचले आणि हेरिफर्ड गेला, ते वर आलंच. सलग तीन वर्षं.

चौथ्या वर्षी, २०१३ मध्ये, एडगर डेव्हिड्ससारखा जागतिक कीर्तीचा माणूस संघात असूनही ते शेवटच्या दिवशी नॉर्दम्प्टनमध्ये हरले. ५१ गुण झाले होते. एरवी इतक्या गुणांवर कुणी बुडत नाही. डॅगनहॅमचेही ५१, पण गोलफरक त्यांचा बरा. त्याच दुपारी समर्थकांनी उभा केलेला एएफसी विम्बल्डन जॅक मिडसनच्या पेनल्टीवर वाचला.

सामना न खेळता कुणी वाचलं आहे का?

हो. कॉन्फरन्स जिंकणाऱ्या क्लबचं मैदान नियमांत बसत नसेल तर त्याला वर घेत नसत आणि तळाचा क्लब राहायचा. १९९४ ला नॉर्दम्प्टन, १९९५ ला एक्सेटर आणि १९९६ ला टॉर्की असे वाचले. नियमाने वाचले, पण अशा वाचण्याच्या आठवणी कुणी काढत बसत नाही.

मोबाइल नव्हते तेव्हा दुसऱ्या मैदानावरचा स्कोअर कसा कळायचा?

ट्रान्झिस्टरने. शंभर माणसांत एकाकडे असायचा आणि शेवटच्या दहा मिनिटांत तो माणूस रेफ्रीपेक्षा महत्त्वाचा व्हायचा.

कामानिमित्त मी तिकडे होतो तेव्हा मिडलंड्समधल्या एका छोट्या मैदानावर अशी एक दुपार पाहिली. फोन सगळ्यांच्या खिशात होते, पण नेटवर्क गर्दीने मेलं होतं. आमच्या चार रांगा पुढे एक म्हातारबाबा कानाला छोटा रेडिओ लावून बसले होते, दुसरा कान तळहाताने झाकलेला. शेवटची पाच मिनिटं आमच्या स्टँडमधलं कुणीही चेंडूकडे पाहत नव्हतं. सगळे त्या बाबांच्या मानेकडे पाहत होते. मान हलली नाही की लोक पुटपुटायचे. एकदा त्यांनी रेडिओ जरा खाली घेतला तर तीनशे माणसं एकदम उभी राहिली. ते फक्त चष्मा पुसत होते.

चुकीच्या खबरीने घात होतो तो वेगळाच. ५ मे १९९६ ला मँचेस्टर सिटी सर्वोच्च लीगमधून खाली जाण्याच्या काठावर होता. लिव्हरपूलशी २-२ असताना बाकावर निरोप आला की बरोबरी पुरते, आणि सिटीचे खेळाडू कोपऱ्यात चेंडू धरून वेळ काढू लागले. बदली होऊन कपडे करून बसलेला नायल क्विन धावत मैदानाकडे आला आणि ओरडून सांगू लागला की पुरत नाही, गोल हवाय. तोवर उशीर झाला होता. दोन वर्षांत तो क्लब तिसऱ्या पायरीवर गेला.

आपल्याकडे असं काही घडतं का?

आयएसएलमध्ये, म्हणजे इंडियन सुपर लीगमध्ये, कित्येक वर्षं कुणी खाली जात नव्हतं, म्हणून शेवटच्या आठवड्यातले तळाचे सामने ओस पडायचे. आय-लीगमध्ये मात्र ही टांगती तलवार होती. गोव्याचा चर्चिल ब्रदर्स २०१२-१३ मध्ये आय-लीग जिंकला आणि पुढच्याच हंगामात खाली गेला, तेही त्याच हंगामात फेडरेशन कप जिंकून. मडगावच्या माणसांनी एका वर्षात जे भोगलं ते हार्टलपूलवाल्यांना सांगितलं तर ते मिठी मारतील.

हा शेवटचा दिवस इथून बघायचा असेल तर?

लीग टूचा हंगाम एप्रिलच्या अखेरीस किंवा मेच्या पहिल्या आठवड्यात संपतो, बहुधा शनिवारी. सगळे सामने एकाच वेळी सुरू होतात, म्हणजे कुणाला दुसऱ्याचा निकाल पाहून खेळता येत नाही. तिथले दुपारचे ३ म्हणजे आपले संध्याकाळचे ७.३०. जेवण लवकर उरका.

एका खिडकीत सामना लावा आणि दुसऱ्या खिडकीत दर गोलला बदलणारा गुणतक्ता. तळाच्या तीन ओळींवर नजर ठेवा. साधारण सव्वानऊनंतर ती नावं वरखाली व्हायला लागतात. आणि खाली गेलेल्या क्लबचं मैदान दाखवलं तर लगेच चॅनल बदलू नका. कॅमेरा गोलमागच्या स्टँडवर जातो, तिथे सगळे निघून गेल्यावरही दोन-तीन माणसं बसलेली असतात, गळ्यातला मफलर हातात घेऊन, रिकाम्या मैदानाकडे बघत. त्यांच्यापैकी बहुतेक जण ऑगस्टमध्ये पुन्हा त्याच बाकावर येऊन बसतात.